१२३४५६७८९८७६५४३२१ : ही संख्या नक्की कोणकोणत्या वर्गांत बसते?

पाटीपेन्सिल

लोकहो, वहीच्या मागच्या पानावर हा मनोरा बहुतेकांनी कधी ना कधी लिहिला असेल.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत शेवटी

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

हल्ली हा मनोरा मोबाइलवर फिरत असतो. खाली "गणिताची जादू" असं लिहिलेलं असतं, लोक अंगठा दाखवतात आणि पुढे जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी मजा तिथून पुढेच सुरू होते. शेवटच्या ओळीतली सतरा अंकी संख्या हातात घेऊन तिला प्रश्न विचारत बसलं, की ती एकेक गोष्ट सांगायला लागते. म्हणून धागा फक्त या एका संख्येचा. खाली तिला "मनोरासंख्या" म्हणतो, दर वेळी सतरा अंक टंकायला नकोत.

मला आत्तापर्यंत जे जमलं ते असं. ती वर्गसंख्या आहे, हे तर वरच दिसतंय. उलटीकडून वाचली तरी तीच, म्हणजे पॅलिंड्रोम. अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो:

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या म्हणजे हर्षद संख्या. हे नाव देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं. भागाकार येतो तोही वर्गच आहे, १२३४५६७९ चा. यातला गाळलेला ८ लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

मनोऱ्याच्या नऊ पायऱ्यांपैकी हर्षद फक्त तीन: १, १२३२१ आणि ही. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३४३२१ ची बेरीज १६, संख्या विषम, प्रश्नच मिटला. पहिली, तिसरी आणि नववी पायरी. १, ३, ९. हे आपोआप झालेलं नाही. क-व्या पायरीवर अंकांची बेरीज क चा वर्ग असते. म्हणून क एकांनी बनलेल्या संख्येला क ने भाग गेला तरच वर्गाला वर्गाने भाग जाणार. १११ ला ३ ने जातो, १११११११११ ला ९ ने जातो, मधल्यांना जात नाही.

आता तुम्ही भर घाला.

रानजाई

वा, छान धागा. मुलगी सातवीत आहे, तिला दाखवायला लगेच स्प्रेडशीटमध्ये संख्या टंकली. दिसलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गायब! फोनच्या कॅल्क्युलेटरवर तर भलतंच काहीतरी घातांकात आलं. मग ८१ ने भाग जातो हे पडताळायचं कसं?

मुक्ता_के

@रानजाई, सेटिंगमध्ये काही बिघडलेलं नाही, संख्याच मोठी आहे. स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच अचूक धरते, पुढच्या जागी शून्यं भरते. जावास्क्रिप्टसारख्या प्रोग्रामिंग भाषांत साध्या संख्येसाठी ५३ बिट मिळतात. म्हणजे २ चा ५३ वा घात, ९००७१९९२५४७४०९९२, इथवरची प्रत्येक पूर्ण संख्या नीट साठवता येते. मनोरासंख्या त्याच्या पलीकडची. त्या पट्ट्यात फक्त सम संख्या साठवता येतात आणि ही विषम. म्हणून ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला विचारलंत तर उत्तर ...३२० येईल, एकाने कमी.

पायथनमध्ये पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही, तिथे सगळे अंक शाबूत राहतात. पण सातवीतल्या मुलीला कागदावर भागाकार करू दे. आधी ९ ने, आलेल्या उत्तराला पुन्हा ९ ने. दहा मिनिटांचं काम आहे.

अण्णा_सातारकर

पाटीपेन्सिल, विषय उत्तम काढलात. मी शाळेत गणित शिकवत असे, तेव्हा हा मनोरा फळ्यावर मांडताना गुणाकार उभाच मांडायचो. मुलांना कारण डोळ्यांनी दिसतं.

```
      ११११
     ११११
    ११११
   ११११
   -------
   १२३४३२१
```

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उजवीकडच्या टोकाला एकच १, शेजारच्या घरात दोन, मग तीन, मधल्या घरात सगळ्यात जास्त, पुन्हा उतरती. मनोरा म्हणजे त्या घरांमधल्या एकांची उंची. नऊ एक असले तर मधल्या घरात ९ येतात आणि हातचा लागत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात १० होतात, हातचा डावीकडे जातो आणि डौल मोडतो:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

पाहा, ८ गेला आणि मध्ये दोन शून्यं आली. म्हणून आपली संख्या ही या मनोऱ्याची हातचा न घेता बांधलेली शेवटची पायरी आहे. तिची खरी ओळख मी हीच मानतो.

दुसरी वाटही दाखवतो, ती मला जास्त आवडते. १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९. म्हणून त्याचा वर्ग म्हणजे ९९९९९९९९९ × १२३४५६७९. नऊ नव्वांनी गुणायचं म्हणजे पुढे नऊ शून्यं देऊन मूळ संख्या एकदा वजा करायची:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

चढण पहिल्या संख्येतून आली, उतरण वजाबाकीतून. पाटीपेन्सिल यांचा गाळलेला ८ इथे परत येतो: ७९ मधून एक उसना गेला की ७८ होतात.

डोंबिवलीकर_जुना

आमच्या गावाचं नाव कोणीच घेतलं नाही अजून, म्हणून लिहितो.

या संख्यांना कापरेकरांनी "डेम्लो संख्या" म्हटलं. डेम्लो हे डोंबिवलीचं जुनं नाव, मुंबईपासून साधारण तीस मैलांवर, जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरचं स्टेशन. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली म्हणून स्टेशनाचं नाव संख्यांना दिलं. रोज लोकलने जाणाऱ्या आमच्यासारख्यांना हे माहीत असायला हवं.

व्याख्या सोपी आहे. संख्येचे तीन तुकडे पाडायचे, डावा, मधला, उजवा. मधल्या तुकड्यात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. डावा आणि उजवा मिळवले की त्याच अंकाची माळ यायला हवी. उदाहरणार्थ १६५: १ आणि ५ मिळून ६. किंवा ४७७७३: ४ आणि ३ मिळून ७.

मनोरासंख्येचे तुकडे पाडा: १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. दोन्ही टोकं मिळवा.

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

नुसत्या एकांच्या वर्गातून येणाऱ्या या डेम्लो संख्यांना त्यांनी वेगळं, कौतुकाचं स्थान दिलं होतं.

कापरेकरांबद्दल थोडं. जन्म डहाणूचा, १९०५. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ मांडला (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणारा आकडा). जगाने मात्र त्यांना ओळखलं ते १९७५ मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर. म्हणजे सत्तरीला आल्यावर. आपल्याकडे अजूनही ६१७४ च्या पुढे फारसं कोणी जात नाही. या माणसाने संख्यांचे किती वर्ग शोधून नावं दिली हे शाळेच्या पुस्तकांत ठळक यायला हवं.

अवकाश

चर्चा वाचतोय, आवडतेय. पण एक आक्षेप नोंदवतो. पॅलिंड्रोम, हर्षद, डेम्लो हे सगळं आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून आहे. हीच संख्या आठच्या किंवा बाराच्या पद्धतीत लिहिली तर यातलं काही टिकणार नाही. म्हणजे हे गुण संख्येचे आहेत की लिहिण्याच्या रीतीचे? मी संख्यासिद्धान्त शिकलो तेव्हा आमचे प्राध्यापक अशा गोष्टींना गणित मानायला तयार नसत.

मुक्ता_के

@अवकाश, आक्षेप बरोबर आहे आणि वर्गीकरण करताना तो हवाच. मग दोन कप्पे करू. संख्या कशीही लिहा, जे बदलणार नाही ते आधी.

मूळ अवयव: ३⁴ × ३७² × ३३३६६७². घातांक ४, २, २, म्हणून विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५. विषम आली, वर्गसंख्येची येतेच.

सर्व विभाजकांची बेरीज: १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. यातून ती स्वतः वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे जास्त. बेरीज संख्येहून कमी भरली, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण (बेरीज संख्येइतकीच) नाही, विपुलही (बेरीज जास्त) नाही. (वरच्या गुणाकारातला १२१ पाहिलात? ८१ च्या विभाजकांची बेरीज. मनोऱ्याची दुसरी पायरी.)

वर्ग आहे, मग त्रिकोणी संख्याही (१ + २ + ३ + ... अशा बेरजेतून येणारी) आहे का? नाही. वर्ग आणि त्रिकोणी दोन्ही असणाऱ्या संख्या फार विरळ आहेत, १, ३६, १२२५, ४१६१६ अशा, आणि त्यांत ही येत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येते का? ३ आणि ३३३६६७ दोघेही चाराने भागल्यावर ३ बाकी देणारे, ते इथे मदत करत नाहीत. ३७ मात्र १ बाकी देतो आणि ३७² = ३५² + १२². मग १११११११११ = ३७ × ३००३००३ हे वापरून ३५ आणि १२ दोघांना ३००३००३ ने गुणा.

१०५१०५१०५² + ३६०३६०३६² = १११११११११²

म्हणजे काटकोन त्रिकोण, कर्ण नऊ एकांचा, बाजू १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६. आणि पूर्णांक बाजूंचा असा त्रिकोण हा एकच. कारण कर्णात चाराने भागून १ उरणारा मूळ अवयव ३७ हा एकटाच, तोही एकदाच. हे तुम्ही कोणत्याही पद्धतीत लिहा, त्रिकोण तोच राहील.

रानजाई

१०५१०५१०५ वर मुलगी खूश झालीये. भागाकारही झाला, उत्तर जुळलं.

अण्णा_सातारकर

अवकाश, तुमच्या प्राध्यापकांचा मान ठेवून सांगतो, दोन कप्प्यांच्या मध्ये भिंत नाही, दार आहे. मुक्ताने लिहिलेले अवयव पुन्हा पाहा: ३, ३७, ३३३६६७. हे तिघेच का आले?

१/३ = ०.३३३... एक अंकी आवर्तन.
१/३७ = ०.०२७०२७... तीन अंकी.
१/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७... नऊ अंकी.

१, ३, ९. पाटीपेन्सिल यांच्या हर्षद पायऱ्या याच होत्या. आणि गंमत अशी, की आवर्तन एक अंकी असणारी मूळ संख्या जगात ३ ही एकच. तीन अंकी आवर्तनाची ३७ ही एकच. नऊ अंकी आवर्तनाची ३३३६६७ ही एकच. ज्या मूळ संख्येच्या आवर्तनाच्या लांबीत तिला कोणी जोडीदार नाही, तिला सॅम्युअल येट्स यांनी १९८० मध्ये "युनिक" म्हणजे एकमेव मूळ संख्या म्हटलं. सात अंकी आवर्तनाच्या दोन आहेत, २३९ आणि ४६४९, म्हणून त्या यात नाहीत. आपल्या मनोरासंख्येचे तीनही मूळ अवयव मात्र एकमेव जातीचे आहेत. हा गुण दहाच्या पद्धतीचा म्हणा, पण तो १० या संख्येचं ३, ३७ आणि ३३३६६७ शी असलेलं नातं सांगतो, आणि ते नातं कोणी कसंही लिहिलं तरी बदलत नाही.

३३३६६७ मूळ आहे हे कागदावर पडताळायचं असेल तर सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसू नका. ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो. म्हणून त्याचा जो कोणी मूळ अवयव असेल, त्याचं आवर्तन १, ३ किंवा ९ अंकी असणार. १ किंवा ३ असेल तर तो अवयव ३ किंवा ३७ असायला हवा, आणि दोघांनीही भाग जात नाही (३७ ने भागलं तर १ उरतो, अगदी थोडक्यात हुकतं). राहिलं ९. मग तो अवयव १८ ने भागल्यावर १ उरेल असा असणार. वर्गमूळापर्यंत, म्हणजे ५७७ पर्यंत, अशा मूळ संख्या, ३७ वगळून, सोळाच: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकानेही भाग जात नाही. संध्याकाळच्या चहापर्यंत होतं.

अवकाश

अण्णा, हे पटलं. १० चा क्रम, म्हणजे कोणत्या घातानंतर बाकी पुन्हा १ येते, हा शुद्ध संख्यासिद्धान्तच आहे. आवर्तन म्हणजे तेच, हे मी अशा बाजूने पाहिलं नव्हतं.

मग माझ्याकडून भर. ८१ × मनोरासंख्या = ९९९९९९९९९², कारण नऊ एकांना ९ ने गुणलं की नऊ नव्वे. तो वर्ग येतो ९९९९९९९९८००००००००१. त्याचे मधोमध दोन भाग करून मिळवा: ९९९९९९९९८ + ००००००००१ = ९९९९९९९९९. वर्गाचे दोन तुकडे मिळवून मूळ संख्या परत येते, म्हणजे ९९९९९९९९९ ही कापरेकर संख्या. मनोरासंख्या स्वतः ती नाही, पण कापरेकर संख्येच्या वर्गाचा ८१ वा हिस्सा आहे.

वाचनवेडी

गणित माझा प्रांत नाही, पण जुनं वाचताना एक सापडलं होतं ते इथे अगदी जुळतंय.

महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात, म्हणजे इसवी सन ८५० च्या आसपास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, अशा हारासारख्या दिसणाऱ्या संख्या दिल्या आहेत. त्यात १२३४५६५४३२१ येते: एकपासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी. ती मिळवण्यासाठी दिलेला गुणाकार २७९९४६८१ × ४४१. आणि त्याच ग्रंथात १२३४५६७९ × ९ = १११११११११ हाही आहे. पाटीपेन्सिल यांचा गाळलेला ८ अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे!

दुसरं, ही संख्या वाचायची कशी? लीलावतीत भास्कराचार्यांनी स्थानांची नावं दिली आहेत, प्रत्येक स्थानाला एक. सतरा स्थानांवर सतरा अंक मांडले तर असं वाचता येतं:

१ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक.

त्या यादीत याच्यावर फक्त परार्ध उरतं. मोठ्याने वाचून पाहा, नऊ अर्बुदापर्यंत चढायचं आणि तिथून उतरायचं.

मुक्ता_के

@वाचनवेडी, किती सुंदर. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आणि ४४१ हा २१ चा. ५२९१ × २१ = ११११११. म्हणजे सहाव्या पायरीचेच दोन तुकडे करून दिलेत.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, विशेषतः अण्णांचे. आता मी ज्यासाठी अधीर होतो ते लिहितो. कापरेकरांचा मला सर्वांत प्रिय शोध, स्वयंभू संख्या.

कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली तर २१ + २ + १ = २४. २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो, कशातूनही त्या तयार होत नाहीत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... या स्वयंभू. आणि काहींना एकाहून जास्त जनक असतात. १०१ ही ९१ मधूनही येते आणि १०० मधूनही. अशांना त्यांनी जंक्शन म्हटलं.

प्रश्न: मनोरासंख्या स्वयंभू आहे का?

सतरा अंकी संख्या आहे म्हणून घाबरू नका. सतरा अंकांची बेरीज फार तर १७ × ९ = १५३. म्हणजे जनक असलाच तर तो १५३ हून जास्त खाली नाही. संख्येचे शेवटचे तीन अंक ३२१, त्यातून १५३ गेले तरी १६८ उरतात. तेव्हा पुढचे चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, जागचे हलत नाहीत. त्यांची बेरीज ७५. जनकाचे शेवटचे तीन अंक शोधायचे, बस. ती तीन अंकी संख्या अधिक तिच्या अंकांची बेरीज अधिक ७५ मिळून ३२१ व्हायला हवेत. म्हणजे ७५ वजा जाता २४६.

२४० + २ + ४ + ० = २४६. सापडला. जनक आहे १२३४५६७८९८७६५४२४०, अंकांची बेरीज ८१, आणि

१२३४५६७८९८७६५४२४० + ८१ = १२३४५६७८९८७६५४३२१

दुसरा जनक नाही. ९ ने भागून ६ उरणारेच आकडे चालतात: २३१ ला २३७ येतात, २४९ ला २६४.

म्हणजे मनोरासंख्या स्वयंभू नाही. मग मी जनकाचा जनक शोधायला गेलो. तीच रीत: २४० − ७५ = १६५. कोणत्या आकड्यात त्याच्या अंकांची बेरीज मिळवली की १६५ होतात? इथेही बाकी ६ चेच आकडे. १४१ ला १४७, १५० ला १५६, १५९ ला एकदम १७४. १६५ वरून उडी मारून पुढे! म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ला जनक नाही. ती स्वयंभू आहे. आपली मनोरासंख्या थेट एका स्वयंभू संख्येची पहिली संतती आहे. हे कागदावर उतरलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझारा घालायला लागलो.

डोंबिवलीकर_जुना

१६५! मी वर डेम्लोचं पहिलं उदाहरण तेच दिलंय. १ + ५ = ६. आणि १६५ स्वतः स्वयंभू आहे, म्हणूनच तिथे वाट अडली. कापरेकरांचे दोन शोध एकाच हिशेबात भेटले.

रानजाई

आम्ही दोघींनी पुढची पायरी काढली. मनोरासंख्येची अंकांची बेरीज ८१, मिळवले तर शेवट ४०२ होतो. त्याचीही बेरीज ८१. पुन्हा मिळवले तर ४८३, आता बेरीज ९०. म्हणजे २४०, ३२१, ४०२, ४८३ अशा तीनही उड्या ८१ च्याच. मुलगी विचारतेय, मनोऱ्याच्या बाकीच्या पायऱ्यांचे जनक कोण?

पाटीपेन्सिल

तिला सांगा, प्रश्न फार चांगला आहे. रीत तीच, शेवटच्या तीन अंकांवर काम भागतं. मी बसून काढले:

१ आणि १२१ स्वयंभू. दोघांनाही जनक नाही.
१२३२१ चा जनक १२३१२.
१२३४५४३२१ चा १२३४५४२८६.
१२३४५६५४३२१ चा १२३४५६५४२७६.
१२३४५६७६५४३२१ चा १२३४५६७६५४२६५.
१२३४५६७८७६५४३२१ चा १२३४५६७८७६५४२५३.

मधली १२३४३२१ मुद्दाम मागे ठेवली. तिला दोन जनक आहेत:

१२३४२९५ + २६ = १२३४३२१
१२३४३०४ + १७ = १२३४३२१

नऊ पायऱ्यांत जंक्शन ही एकटीच.

अवकाश

आणि अण्णांची दहावी पायरी, जिथे हातचा लागून डौल मोडतो? १२३४५६७९००९८७६५४३२१. शेवटचे तीन अंक तिथेही ३२१ च आहेत, त्यामुळे रीत चालायला हवी.

मुक्ता_के

चालते. पुढच्या सोळा अंकांची बेरीज ७६. ३२१ − ७६ = २४५. आणि २३५ + १० = २४५. म्हणून जनक १२३४५६७९००९८७६५४२३५, बेरीज ८६. आजूबाजूचे बाकी १ चे आकडे पाहिले, २२६ ला २३६ आणि २४४ ला २५४, म्हणजे जनक हा एकच. ही हर्षद मात्र नाही, अंकांची बेरीज ८२ आणि संख्या विषम.

अण्णा_सातारकर

पुढची हर्षद पायरी सत्ताविसावी. सत्तावीस एकांना २७ ने भाग जातो, पण तिथे हातचे इतके होतात की अंकांची बेरीज २७ चा वर्ग राहत नाही, ती स्वतंत्र मोजावी लागेल. मुक्ता, पायथनला विचारून सांग. तोवर मी कागदावर करून बघतो, मग ताडून पाहू.